काविळीतलं अंगावरचं दूध

माझे डोळे पिवळे झालेत हे मला माझ्या विद्यार्थिनीने सांगितलं, तेही ब्रेक लावायचा सोडून.

मी बायकांना स्कूटर शिकवते. मखमलाबाद रोडला एक मोकळा प्लॉट आहे, तिथे सकाळी माझा क्लास असतो. त्या दिवशी पंचवटीत भाजी विकणाऱ्या सुमनताई गाडी चालवत होत्या आणि मी मागे बसून नेहमीप्रमाणे ओरडत होते, "ताई, समोरच नका बघू, आरशातही बघा! मागे काय आहे ते कळायला नको का?" सुमनताईंनी आरशात बघितलं आणि बघतच राहिल्या. "मॅडम," त्या म्हणाल्या, "मागं काही नाय. पण तुमचे डोळे लय पिवळे दिसू राहिले." एवढं बोलून होईपर्यंत गाडी बाभळीत गेली होती.

लागलं कोणालाच नाही. बाभळीतून बाहेर आल्यावर मी आरसा स्वतःकडे वळवला. सुमनताई खरं बोलत होत्या.

आठवडाभर मला भूक नव्हती. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. मी घाबरून गुपचूप प्रेग्नन्सीची तपासणीसुद्धा करून घेतली होती घरच्या घरी. एकच रेघ आली तेव्हा एवढा आनंद झाला, की बाकी लक्षणांचा विचार करायचा राहूनच गेला. माणूस आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की पुढचे प्रश्न विचारत नाही, हे मला तेव्हा कळलं.

निदान

आमच्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं आणि संध्याकाळी रिपोर्ट बघून सांगितलं, "कावीळ आहे. खाण्यापिण्यातून होणारी. बाहेर कुठे काय खाल्लंत?"

मी नितीनकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नितीनने पंख्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी मिळून एका गाडीवर पाणीपुरी खाल्ली होती. त्याने माझ्यापेक्षा जास्त खाल्ली होती आणि त्याला काहीही झालं नव्हतं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डॉक्टर मॅडम विश्रांती, पथ्य, पाणी उकळून वगैरे सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं. मला एकच विचारायचं होतं आणि विचारायची भीती वाटत होती. शेवटी विचारलं, "मॅडम, मुक्ता वीस महिन्यांची आहे. अजून अंगावर पिते. आता बंद करावं लागेल ना?"

"का बरं?" त्या म्हणाल्या. "ही कावीळ दुधातून जात नाही, हातांतून जाते. साबणाने हात धुवायचे, तुझं ताट-वाटी वेगळी ठेवायची. तिला लस देऊन टाकू. आणि मला न विचारता कुठला पाला, काढा, पुडी घ्यायची नाही. बाकी खुशाल पाज."

मी तिथेच रडायला लागले. कावीळ झाली म्हणून डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, आणि आता सगळं ठीक आहे म्हटल्यावर हुंदके. नितीन मॅडमची माफी मागायला लागला.

मुक्ता दुधाला "अंगा" म्हणते. अंगावर घे, अंगावर पाज, हे आमचं बोलणं ऐकून तिने तो शब्द स्वतःच बनवला. आईबाबा म्हणायच्या आधीपासून ती "अंगा दे" म्हणायची. तिचं दूध कधीतरी तोडायचं हे मलाही माहीत होतं. क्लास, घर आणि अंगाला लटकलेली पोर, कंटाळा मलाही यायचा. पण ते तिच्या आणि माझ्या मर्जीने व्हावं, मध्येच एखाद्या आजाराने हात धरून ओढून काढू नये, एवढंच मला वाटत होतं. या सगळ्या आजारपणात मी लढले ती त्याच एका गोष्टीसाठी. कावीळ आपली आपण बरी होणारच होती.

पिवळं ते बंद

घरी निकाल आधीच लागलेला होता.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आमच्या पद्धतीप्रमाणे आत्या म्हणते, मूळच्या नामपूरच्या. एरवी त्या आमच्यासारखंच बोलतात, पण चिडल्या किंवा हरखल्या की अहिराणी सुरू होते. मी दारात चप्पल काढत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आते पोरले आंगवर नको लेऊ. दूध पिवळं व्हई गयं व्हई."

"डॉक्टर पाज म्हणाल्यात, आत्या."

"डॉक्टरनीची पोर पिते का तुझ्या अंगावर?"



मी माझ्या आईला फोन लावला. आपली आई तरी आपल्या बाजूने असेल या भ्रमात मी होते. आई म्हणाली, "सासूबाई म्हणतात ते बरोबर आहे गं. कावीळ फार वाईट." नितीनला विचारलं तर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकायला किती चांगलं वाटतं! पण घरात सगळे एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला असताना "तू म्हणशील तसं" म्हणणारा माणूस म्हणजे भरलेल्या रस्त्यात आपल्याला गाडी देऊन स्वतः फुटपाथवर उभा राहणारा. मी त्याला तसं सांगितलंही, जरा मोठ्याने.

दुसऱ्या दिवसापासून घरातलं पिवळं सगळं बंद झालं. भाजीतली हळद गेली. पपई गेली, केळी गेली, लिंबू गेलं. माझा पिवळा गाऊन आत्यांनी घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला. अडचण एवढीच, की आमच्याकडे झेंडूची शेती आहे. दसरा जवळ आलेला, घराच्या ओट्यावर फुलांचे ढीग पडलेले. आत्यांनी सासऱ्यांना सांगून पिवळा झेंडू मागच्या पडवीत हलवला आणि पुढे फक्त केशरी ठेवला. बाजारात न्यायच्या वेळी सगळी फुलं पुन्हा पुढे वाहून आणताना सासऱ्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही.

नामपूरहून माळही आली. कसल्याशा मुळ्यांच्या तुकड्यांची ही माळ आधी डोक्यावर ठेवायची. ती दिवसागणिक वाढत जाते म्हणतात, मग गळ्यात येते, मग कमरेत, आणि पायांतून निघाली की कावीळ उतरली. डॉक्टरांनी पाला-पुडी घ्यायची नाही म्हटलं होतं, माळेबद्दल काही म्हटलं नव्हतं, म्हणून मी ती घातली. आत्यांना तेवढंच समाधान. मुक्ताला ती फार आवडली. माझ्या मांडीवर पिताना ती एक हात माळेत अडकवायची आणि ओढायची. माझी माळ इतरांपेक्षा लवकर वाढली, त्याचं कारण हे असावं.

कारण मी पाजत होतेच. साबणाने हात धुऊन, दार लावून, चोरासारखी.

तीन वाट्या

ते फार दिवस लपलं नाही. मुक्ता स्वतःच आजीला जाऊन सांगायची, "अंगा पिली."

आत्या माझ्यासमोर येऊन बसल्या. या वेळी त्या चिडलेल्या नव्हत्या, खरोखर घाबरल्या होत्या. "वैशाली, मला तुझं काही वाईट करायचं नाही. वाटीत काढून दाखव. पांढरं असलं तर मी परत एक शब्द बोलणार नाही."

मलाही वाटलं, बरं झालं, एकदाचा सोक्षमोक्ष. स्टीलच्या वाटीत मी थोडं दूध काढलं. आत्यांनी शेजारी दुसरी वाटी ठेवली, सकाळच्या दुधाची. दोन्ही वाट्या त्यांनी खिडकीत नेल्या.

माझं दूध पिवळसर होतं.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. डॉक्टरांचं बोलणं, लस, साबण, सगळं विसरले. त्या क्षणी मला वाटलं, मी माझ्या पोरीला इतके दिवस कावीळ पाजतेय. आत्यांनी नुसता डोक्याला हात लावला. शेजारच्या काकू वाटी बघायला आल्या आणि त्यांनीही मान हलवली.

नितीन दारात उभा होता. तो बाहेर गेला. मला वाटलं, गेला पुन्हा फुटपाथवर. थोड्या वेळाने तो परत आला तो हातात पेला घेऊन. मागच्या गल्लीत एकांकडे गाय आहे, त्यांच्याकडून त्याने दूध मागून आणलं होतं. त्याने ते तिसऱ्या वाटीत ओतलं आणि माझ्या वाटीशेजारी ठेवलं.

दोन्ही वाट्यांचा रंग सारखा. एकदम सारखा.

"आई," तो म्हणाला, "आपण म्हशीचं दूध घेतो. म्हशीचं पांढरं असतं. ही काय म्हैस आहे का?"

माझ्या नवऱ्याने माझ्याबद्दल काढलेले हे सगळ्यात चांगले उद्गार. मी हसायला लागले, काकू हसायला लागल्या. आत्यांनी मात्र तिन्ही वाट्यांकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "गाईलेबी कावीळ व्हई."

दवाखाना

नंतर उलट्या वाढल्या. उसाचा रस, लाह्या, मऊ भात, पोटात काही टिकेना. मॅडमनी ॲडमिट व्हायला सांगितलं. सलाईन लावल्याशिवाय भागणार नव्हतं.

बायकांचा वॉर्ड होता. सकाळी झाडू, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग सलाईनची बाटली संपायची वाट बघणं. आजारी माणसाला दवाखान्यात सगळ्यात जास्त काय करावं लागत असेल तर वाट बघणं. मला एका जागी बसायची सवय नाही. पहिल्या दिवशी मी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना चालत्या गाडीचा ब्रेक कसा लावायचा ते समजावून सांगितलं. त्यांना गाडी शिकायची नव्हती, त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं.

मुक्ताला आत्यांनी घरी ठेवलं. दवाखान्यात लेकरू आणायचं नाही, तिथे शंभर आजार असतात. यात चुकीचं काहीच नव्हतं. पण मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं, की याच दिवसांत दूध आपोआप तुटेल असं त्यांना वाटत होतं. नितीन भेटायला आला की मी विचारायचे, "रडते का?" तो म्हणायचा, "नाही, आईच्या कानाची पाळी धरून झोपते." चांगलीच बातमी होती ही. मला ती अजिबात आवडली नाही.

इकडे छाती दगडासारखी झालेली. कूस बदलता येईना. बाथरूममध्ये जाऊन मी हातानेच दूध काढायचे आणि बेसिनमध्ये सोडायचे. ते वाहून जाताना बघून मला एवढं रडू यायचं, की एकदा बाहेरून शबाना सिस्टरने दार वाजवलं.

शबाना सिस्टर मालेगावच्या. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि काय ते ओळखलं. गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल आणून दिला, पडदा ओढला, कसं दाबायचं ते दाखवलं. "रोज काढायचं, वेळच्या वेळी. नाही काढलं तर गाठी होतात, मग ताप येतो. और बच्ची को क्यूँ नहीं लाते? डॉक्टरांनी नाही म्हटलंय का?"

"घरून नाही आणत."

"घरून," सिस्टर म्हणाल्या. नितीन आला तेव्हा त्यांनी त्याला दारातच गाठलं. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत नितीन मुक्ताला घेऊन आला.

मी केस विंचरून, ओढणी नीट करून बसले होते. जणू मला बघायला पाहुणे येणार होते. मुक्ताने मला बघितलं. पिवळी आई, हाताला नळी, नाकाशी दवाखान्याचा वास. तिने तोंड फिरवलं आणि बाबाच्या मानेत खुपसलं.

मी हाका मारल्या. गाणं म्हटलं. थोड्या वेळाने ती खाली उतरली, सलाईनच्या स्टँडची चाकं फिरवत बसली, शेजारच्या बाईंकडून बिस्कीट घेऊन खाल्लं. मी हळूच विचारलं, "मुक्ता, अंगा?" तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुन्हा चाकाकडे वळली.

भेटीची वेळ संपली. मी हसून टाटा केला. ते जिन्यात गेल्यावर चादर डोक्यावरून ओढून घेतली. संपलं होतं. मला नको होतं तसंच संपलं होतं, आणि तिला त्याचं काही वाटतसुद्धा नव्हतं.

आज मी आजारपणात पाजणाऱ्या ज्या बायांसाठी हे लिहितेय त्यांना एवढं सांगते, की त्या दिवशी लेकराने तोंड फिरवलं म्हणजे ते विसरलं असं नसतं. त्याला राग येतो. मोठ्या माणसालाही आलाच असता. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर एक रडणं वाचलं असतं.

कडुलिंब

घरी आले तेव्हा माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. कपडे सैल झालेले, जिना चढताना धाप लागायची. मुक्ता आजूबाजूला घुटमळत होती, पण दोन हात लांबून. आत्या जवळ आल्या, माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता तुटतंच आलंय, तर तोडूनच टाकू. अंगात ताकद तरी राहील तुझ्या. थोडा कडुलिंब वाटून लावते. एकदा कडू लागलं की परत मागणार नाही."

"लावा," मी म्हणाले.

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. तरी त्या आत गेल्या, पाट्यावर पाला वाटल्याचा आवाज आला. वाटीत हिरवा गोळा घेऊन आल्या. मी स्वतःच लावून घेतला. वासानेच मला मळमळलं.

आणि तेव्हाच, काय डोक्यात आलं कोण जाणे, मुक्ता खाटेवर चढली. "अंगा," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी. मला हसावं की रडावं कळेना. तिने त्या हिरव्या रंगाकडे बघितलं, त्याला बोट लावलं, "हिव्वं" म्हणाली आणि तोंड लावलं.

आम्ही दोघी बघत होतो. तिचं तोंड आंबट-कडू झालं. नाक आवळलं गेलं. एक डोळा मिटला. संपूर्ण अंग एकदा शहारलं. आणि मग तिने माझ्या गाऊनची कड घट्ट धरली आणि प्यायला सुरुवात केली. पित राहिली. मध्येच थांबून जीभ बाहेर काढून आजीला दाखवली आणि परत प्यायला लागली.

"अगं माय!" आत्या ओरडल्या. "दख बरं, कडू शे तरी पेस ही!"

मी आत्यांकडे बघितलं. "आत्या," मी म्हणाले, "जन्मल्यापासून वर्षाची होईपर्यंत रोज सकाळी हिला घुटी कोणी पाजली?"

वेखंड, हिरडा, अतिविष, कुड्याची साल, सहाणेवर स्वतःच्या हाताने उगाळून, एक दिवस न चुकता आत्यांनीच नातीला चाटवलं होतं. पहिले दिवस ती किंचाळायची. नंतर चमचा दिसला की आ करायची. कडूची सवय त्यांनीच तिला लावली होती, आणि आता कडू लावून सोडवायला निघाल्या होत्या.

आत्या खाली जमिनीवर बसल्या आणि गुडघ्यांना मिठी मारून हसायला लागल्या. पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. पोट दुखत होतं तरी हसले. आमच्या दोघींच्या मध्ये मुक्ता हिरव्या तोंडाने पित होती आणि आपण एवढं काय केलं हे तिला कळत नव्हतं.

दूध तेव्हा फारसं उरलं नव्हतं. ती चिडायची, सोडायची, पुन्हा धरायची. पण ती धरत राहिली आणि मी बसत राहिले, तसं ते परत आलं.

जे कोणी सांगत नाही

हे सगळं गोड-गोड वाटत असेल तर थोडं खरंही सांगते. मळमळत असताना कोणी अंगाला लागलेलं सहन होत नाही. कितीतरी वेळा तिला ढकलून द्यावंसं वाटलं, एकदा दिलंही. मग मी एक नियम केला. एक गाणं म्हणायचं, गाणं संपलं की अंगा संपलं. ज्या दिवशी फार त्रास व्हायचा त्या दिवशी मी छोटं गाणं म्हणायचे. तिच्या लक्षात आलं तेव्हा ती "मोठं म्हण" म्हणायला लागली. मी तिला "नाही" म्हणायला शिकले आणि तीही ऐकायला शिकली.

आणि ज्या आईला थांबवायचंय तिने खुशाल थांबवावं. तुमच्या डॉक्टरांना विचारा, प्रत्येकीचा आजार आणि गोळ्या वेगळ्या. मला पाजायचं होतं म्हणून मी पाजलं. मला नको असतं तर मीच कडुलिंब मागून घेतला असता, आणि तोही माझ्या पोरीवर चालला नसताच.

ताप

मी क्लासवर परत जायला लागले आणि मुक्ता आजारी पडली. ताप, आणि तोंडभर फोड. पाणी नको, पेज नको, नारळपाणी नको. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने घातलं तर थुंकून टाकायची. ओठ सुकून गेले. आत्या वाटी घेऊन तिच्यामागे घरभर फिरत होत्या आणि ती तोंड मिटून रडत होती.

मी घरी आले. हेल्मेट काढायच्या आधीच आत्यांनी मला खाली बसवलं. परात आणली, तांब्याने माझ्या हातांवर पाणी घातलं, साबण फिरवला, पुन्हा पाणी. नखंसुद्धा त्यांनीच चोळली. मग मुक्ताला माझ्या मांडीवर ठेवलं.

"पाज माय," त्या म्हणाल्या.

मुक्ताने तोंड लावलं, दुखलं, रडली, पुन्हा लावलं. आणि मग रडत रडत प्यायली. आत्या समोर बसून तिच्या गळ्याकडे बघत होत्या. घोट खाली उतरला की त्यांची मान हलायची. संध्याकाळी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हे पितेय म्हणून सलाईन लावायची वेळ आली नाही." आत्यांनी ते ऐकलं. घरी येऊन त्यांनी मला जेवायला वाढलं, तूप जरा जास्तच घातलं आणि मी ताट संपवेपर्यंत समोरून उठल्या नाहीत.

फोन

मुक्ता आता अडीच वर्षांची आहे. दुपारी झोपायच्या आधी आठवलं तर अंगा मागते, नाही आठवलं तर तशीच झोपते. कधी बंद होईल ते आम्ही दोघी बघून घेऊ. माझे डोळे पांढरे आहेत. सुमनताईंना लायसन्स मिळालं.

परवा मी क्लासला निघाले होते. आत्या स्वयंपाकघरात फोनवर होत्या. नामपूरहून त्यांच्या भावजयीचा फोन. भावजयीच्या सुनेला कावीळ झाली होती, तिचं लेकरू वर्षाचं. आत्यांचा आवाज चढला, म्हणजे अहिराणी सुरू झाली, म्हणजे चिडल्या होत्या किंवा हरखल्या होत्या. मी दाराशी थांबले.

"दूध तोडाडं? कोन्ही सांगं तोडाले? डॉक्टरले इचारं का?"

पलीकडून भावजय काहीतरी बोलत होती. आत्यांनी तिला मध्येच थांबवलं. मग आवाज एकदम खाली आला, इतका की मला कान द्यावा लागला.

नितीन लहान असताना आत्यांना थंडीताप आला होता. "सासूनी दूध तोडी टाकं. माले कोन्ही इचारं नव्हतं. नितीन घरमा रडे आन मी कांदानी चाळमा जाईसन रडू."

इतकी वर्षं या घरात आहे मी. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. नितीनलाही माहीत नव्हतं. घरात पोर रडतंय आणि कांद्याच्या चाळीत कोणाला दिसू नये म्हणून जाऊन बसलेली, माझ्यापेक्षा कितीतरी लहान अशी ती बाई मला डोळ्यांसमोर दिसली.

"पहिले डॉक्टरले इचारा," आत्या फोनमध्ये म्हणत होत्या. "मंग तिले इचार. तिले पाजनं शे का नही, ते तिले इचार. नंतर नही, आत्तेच इचार. जाय, मी फोन धरी ठेवस."

आणि त्या फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. भावजय सुनेच्या खोलीपर्यंत जाऊन येईपर्यंत त्या एका जागी उभ्या होत्या, ओट्याच्या कडेला हात टेकून. मीही हलले नाही. क्लासला उशीर होत होता.

मग पलीकडून काहीतरी ऐकू आलं असावं. आत्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते.

"पाजनं शे म्हणे तिले," त्या मला म्हणाल्या. आणि पदराने नाक पुसून पुन्हा फोनमध्ये ओरडल्या, "मंग पाजू द्या ना तिले!"